एक रेघ, सही, तारीख

मंगळवारी आणि शुक्रवारी मी एका मांजरीला जेवू घालतो. मला मांजरी आवडत नाहीत आणि या मांजरीला मी आवडत नाही, त्यामुळे आमचं बरं चाललं आहे. तिचं नाव ठिपकी. वय अठरा, म्हणजे मांजरांच्या हिशेबात पणजीच. तिला मूत्रपिंडाला जपणारं वेगळं खाणं लागतं. ते वाटीत काढून दिलं की ती आधी माझ्याकडे बघते, मग वाटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे, जसं काही ते पथ्य मीच लिहून दिलंय. तिची मालकीण त्या वेळी रुग्णालयात असते. चार तास यंत्राला जोडलेली. म्हणून घराची किल्ली माझ्याकडे.

ही मालकीण म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या ताई. मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. रक्ताचे नमुने ज्या मोठ्या शीतपेट्यांत उणे ऐंशी अंशांवर ठेवतात त्या ताईंच्या ताब्यात होत्या, आणि ताईंचं बोलणंही साधारण त्याच तापमानाचं, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना 'उणे ऐंशी' म्हणत. मी तिथला स्टोअरकीपर. मला पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण ते मी इथे सांगणार नाही.

ताईंचं दुखणं त्यांच्याच रक्तानं आम्हाला दीड वर्ष आधीपासून सांगितलं होतं. एकदा नाही, चार वेळा. त्यातल्या तीन वेळा आम्ही ते रद्द केलं. कसं, ते सांगतो. सांगता सांगता मला राग येईल. तो कुणावर, हे तुम्ही ओळखालच.

आमचं काम आधी समजून घ्या, फार अवघड नाही. रक्तात एक रेणू असतो. मूत्रपिंडं थकायला लागली की तो रक्तात साचतो. मांजरात, कुत्र्यात, माणसात, सगळ्यांत तोच. नेहमीच्या तपासणीत बिघाड दिसतो तोवर मूत्रपिंडाचा बराच भाग कामातून गेलेला असतो. हा रेणू त्याच्या कितीतरी आधी वर चढतो का, हे बघायचं काम आमच्याकडे सात वर्षं चाललं होतं. जनावरांच्या दवाखान्यातून म्हाताऱ्या मांजरांचं आणि कुत्र्यांचं रक्त यायचं, मोठ्या रुग्णालयातून माणसांचं. दर सहा महिन्यांनी तेच प्राणी, तीच माणसं.

यात एक गंमत होती. तेव्हा ती गंमतच वाटायची. जनावरांच्या नळीवर सरळ नाव लिहिलेलं असे. 'ठिपकी', 'वाघ्या', 'बंड्या', खाली मालकाचा फोन. माणसांच्या नळीवर फक्त अक्षर आणि आकडा. माणसाचा आजार म्हणजे त्याची खासगी बाब, तिचा बोभाटा नको, म्हणून ही काळजी. आजारी माणसांचे आकडे तरी रुग्णालयात परत जायचे. पण तुलनेला निरोगी रक्तही लागतं, आणि ते आम्ही पाच कर्मचारी देत होतो. नि-एक ते नि-पाच. आमचे आकडे कुठेच जायचे नाहीत, कारण आम्ही निरोगी. तसं कागदावरच लिहिलं होतं.

कोण कुठला आकडा हे शेजारच्या इमारतीतल्या नर्सबाईंना माहीत होतं, कारण रक्त त्याच काढायच्या आणि चिठ्ठ्याही त्याच लावायच्या. पण नळीतून पुढे काय निघतं ते त्यांना कळत नसे. ताईंना प्रत्येक आकड्याचं काय निघालं ते कळे, पण माणूस कोण ते नाही, स्वतःचा आकडासुद्धा नाही. नावांची यादी आणि आमचे संमतीचे फॉर्म एका सीलबंद पाकिटात, आणि ते पाकीट माझ्या खुर्चीमागच्या कपाटात. आमच्या कामाचे प्रमुख डॉक्टर, त्यांच्या लेखी परवानगीशिवाय उघडायचं नाही. सगळे अहवालही माझ्याकडेच फायलीला यायचे. म्हणजे नाव आणि आकडा एकाच खोलीत असणारा इमारतीतला एकमेव माणूस मी. मधे फक्त कपाटाचं दार.

ताई घरी एकट्या. आधी आई होती. सकाळी तिचं सगळं आवरून यायच्या, दुपारी एकदा फोन करून औषध घेतलं का विचारायच्या. तो फोन मी बारा वर्षं भिंतीतून ऐकला, कारण आमच्या खोल्यांमधली भिंत म्हणजे नुसती फळी. आई गेल्यावर पहिल्या दिवशी कामावर आल्या तेव्हा दुपारी बरोबर त्याच वेळी त्यांनी फोन उचलला, थोडा वेळ धरला आणि ठेवून दिला. मी ऐकलं. चहाला जाताना काहीतरी बोलावं असं फार वाटलं, पण मी शीतपेटीच्या बिलाचं बोललो. एक धाकटा भाऊ आहे, लांबच्या शहरात. तो वाढदिवसाला निरोप पाठवतो, आणि तोही बहुतेक वहिनी पाठवतात.

कामात मात्र ताईंसारखं माणूस मी पाहिलं नाही. नवीन आलेल्या प्रत्येकाला त्या पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायच्या. वहीत चुकलं तर खोडायचं नाही, गिरवायचं नाही, पांढरा रंग तर अजिबात लावायचा नाही. एक सरळ रेघ मारायची, शेजारी सही, खाली तारीख. "खालचं वाचता आलं पाहिजे," त्या म्हणायच्या. "आज चूक वाटतंय ते उद्या बरोबर निघेल." मुलं एकमेकांकडे बघून हसायची. एकानं विचारलं होतं, ताई, मी तुमचं नाव चुकीचं लिहिलं तर? ताई म्हणाल्या, "एक रेघ, सही, तारीख. आणि मग मला येऊन सांगायचं." हा त्यांचा विनोद होता. वर्षातून एखादा व्हायचा.

ठिपकीचा आकडा चढला तो दिवस मला चांगला आठवतो. ताईंनीच यंत्रावरून वाचला, स्वतःच्या मांजरीचा, आणि नेहमीसारखा कागद माझ्याकडे आणून ठेवला. मालकांना फोन करायचं काम माझं. नियम असा की फॉर्मवर जो नंबर असेल त्यावर त्याच दिवशी कळवायचं, घरी कोण असतं ते विचारायचं आणि नोंदवहीत लिहायचं. ठिपकीच्या फॉर्मवर ताईंनी प्रयोगशाळेतल्या त्यांच्या टेबलाचा नंबर दिला होता. मी म्हटलं, ताई, आता काय फोन करायचा, तुम्हीच तर कागद आणलात. त्या म्हणाल्या, "नियमाप्रमाणे करा." आणि फळीपलीकडे जाऊन बसल्या. मी फोन लावला. तो पलीकडे वाजताना मला ऐकू येत होता.

"हॅलो, प्रयोगशाळा."

"स्टोअरमधून बोलतोय. ठिपकीच्या मालकीणबाई का?"

"बोला."

"तुमच्या मांजरीच्या रक्तात खूण वाढलेली दिसते. लगेच घाबरण्यासारखं नाही. दवाखान्यात दाखवून घ्या, पथ्य सुरू करा. घरी तिची काळजी घ्यायला कोण असतं?"

"मी."

सगळा मजला आठवडाभर हसत होता. ठिपकी मात्र त्या संध्याकाळीच डॉक्टरांकडे गेली, दुसऱ्या दिवसापासून पथ्यावर आली, आणि आजतागायत माझ्याकडे तुच्छतेनं बघायला जिवंत आहे.

त्याच वर्षी नि-तीनचा आकडा पहिल्यांदा हद्दीबाहेर गेला. थोडासाच. आमची रीत अशी की निरोगी रक्त हद्दीबाहेर गेलं तर दोष रक्ताचा धरायचा नाही, चाचणीचा धरायचा. बरोबरच आहे म्हणा. निरोगी म्हणून ज्याच्यावर विश्वास टाकला, तोच हलला तर आधी आपला हात तपासायचा. त्या आठवड्यात वीज गेली होती. नमुना वितळून पुन्हा गोठला असेल, असं ताईंनी लिहिलं. एक रेघ, सही, तारीख. खाली तपासणाऱ्याची म्हणून माझी सही.

सहा महिन्यांनी पुन्हा तेच, आणि आता जरा जास्त. या वेळी खापर किटवर फुटलं. चाचणीचं सामान पुरवणाऱ्या कंपनीला मी असं खरमरीत पत्र लिहिलं की त्यांनी माफी मागून सगळा माल बदलून दिला. त्या पत्राचा मला अभिमान होता. दोन जणांना वाचूनही दाखवलं. 'आपल्या सदोष मालामुळे आमचा नि-तीन हा निरोगी नमुना वारंवार बाधित होत आहे.' हे वाक्य लिहिताना माझी पाठ त्या कपाटाला टेकलेली होती.

तिसऱ्यांदा आम्ही नर्सबाईंना धरलं. नळ्या जुन्या वापरल्या असतील, दंड फार आवळला असेल. त्या बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. त्यांना माणूस माहीत होता आणि त्याचं काय निघालं ते माहीत नव्हतं, त्यामुळे स्वतःच्या बाजूनं काय बोलावं हेही त्यांना कळेना. पुन्हा एक रेघ, सही, तारीख.

या काळात ताई जिना चढताना मधल्या कठड्यापाशी थांबायला लागल्या होत्या. चपलेचा पट्टा एका भोकानं सैल केला होता. वय झालं, म्हणायच्या. वार्षिक तपासणीत सगळं ठीक आलं होतं, आणि ते ठीक आलं म्हणून आम्हीही निश्चिंत. नेहमीच्या तपासणीत हे उशिरा कळतं हे सिद्ध करायला आम्ही सात वर्षं पगार घेत होतो, आणि आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. घरी कुणी असतं तर म्हणालं असतं, अगं, पाय बघ किती सुजलेत. मला दिसले होते. मी म्हटलं नाही. एका बाईच्या पायांबद्दल कसं बोलायचं, असा माझा भलताच संकोच.

चौथ्यांदा आकडा आला तेव्हा ताईंनी रेघ मारली नाही. वही घेऊन माझ्याकडे आल्या आणि समोर बसल्या. त्या कधी बसत नसत. त्यांनी मागच्या तिन्ही रद्द नोंदी उघडल्या. रेघेखालचे आकडे स्वच्छ वाचता येत होते. ते त्यांनी एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक उतरवले आणि चौथा खाली लिहिला.

"किट बिघडलं असतं तर वरखाली झालं असतं," त्या म्हणाल्या. "हे नुसतं चढतंय. भाऊ, चाचणी बरोबर आहे. माणूस आजारी आहे."

"कुठला माणूस?"

"नि-तीन. पाकीट उघडा."

मी डॉक्टरांची परवानगी लागेल म्हणालो. डॉक्टर परदेशात, परिषदेला आणि पुढे सुट्टीला. मी कळवलं. 'परत आल्यावर पाहू' असं उत्तर आलं. यायला पाच आठवडे होते. ताईंना सांगितलं तर त्या निघून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा माझ्या दारात. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठ दिवस. वर्षभरात जेवढं बोलल्या नसतील तेवढं त्या आठ दिवसांत बोलल्या.

"त्याला काही माहीत नाही, भाऊ. तो रोज मीठ खात असेल. डोकं दुखलं की गोळ्या घेत असेल, त्या मूत्रपिंडाला वाईट." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "त्याची बायको असेल, तिला सांगितलं तर ती बघेल. बायका बघतात." तिसऱ्या दिवशी, "मुलं लहान असतील कदाचित." त्यांनी त्या माणसाला मनातल्या मनात अख्खं घर बांधून दिलं होतं. जेवणाच्या सुट्टीत आम्हा चौघांच्या चेहऱ्यांकडे निरखून बघायच्या, कुणाचे डोळे सुजलेत का. माझेही. स्वतःकडे बघायचं त्यांना एकदाही सुचलं नाही. एवढी वर्षं कुणी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं, त्यांना तरी सवय कुठून राहणार?

मी नियमाला चिकटून राहिलो. मी नियमाचा माणूस आहे, हे मी तोपर्यंत कौतुकानं सांगत असे. नवव्या दिवशी त्या आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "ठिपकीला तुम्ही त्याच दिवशी फोन केला होतात."

मी उठलो, कपाट उघडलं आणि सील फोडलं.

यादी वरच होती. नि-तीनपुढे ताईंचं नाव. मी ते दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदाही वाचत राहिलो, कारण वाचायचं थांबवलं तर वर बघावं लागलं असतं.

"सांगा की," ताई म्हणाल्या. "कोण आहे?"

मी कागद त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवलं, ते नि-तीनवरून नावापर्यंत नेलं. परत मागे आणलं. पुन्हा नेलं. मग चष्मा काढून हातात धरला.

"बरं," त्या म्हणाल्या.

खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, ती घरघर ऐकू येत होती. मग त्यांनी विचारलं, "फॉर्मवर कळवायचा नंबर कुठला दिलाय?"

मी त्यांचा फॉर्म काढला. तिथे आधी भावाचा नंबर लिहिला होता. त्यावर एक सरळ रेघ, शेजारी सही, सात वर्षांपूर्वीची तारीख. त्याच्या वर प्रयोगशाळेचा नंबर. भावाचा नंबर नीट वाचता येत होता. मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नको म्हणून.

फॉर्म परत ठेवताना खालचा माझा दिसला. मी नि-पाच. मला मुलगी आहे, नांदती, सुखी. माझ्या फॉर्मवर स्टोअरचा नंबर होता. त्या दिवशी तिचा नंबर पाठ नव्हता, असं मी स्वतःला सांगत आलो आहे.

"मग करा फोन," ताई म्हणाल्या.

"ताई, तुम्ही समोर उभ्या आहात."

"ठिपकीच्या वेळी तरी मी कुठे लांब होते? नियमाप्रमाणे करा."

त्या फळीपलीकडे गेल्या. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मला तेव्हा समजलं की हे त्यांना माझ्यासमोर उभं राहून ऐकायचं नव्हतं. इतर माणसांना जसं कुणीतरी कळवतं, तसं एकदा त्यांना कुणीतरी कळवायला हवं होतं. मी नंबर फिरवला. पलीकडे तीनदा वाजला.

"हॅलो, प्रयोगशाळा."

"स्टोअरमधून बोलतोय. नि-तीन यांच्यासाठी निरोप आहे."

"बोला."

"त्यांच्या रक्तात खूण वाढलेली आहे. बरीच वाढली आहे. उद्याच रुग्णालयात जायला हवं." माझा आवाज फाटला. तो त्यांना फोनमधून आणि भिंतीतून, दोन्हीकडून ऐकू गेला असणार.

"त्यांना हे आधी कधी कळू शकलं असतं?"

"दीड वर्षापूर्वी."

"तेव्हा का नाही कळवलं?"

"आम्ही रद्द केलं. तीन वेळा."

"सही कुणाची आहे?"

"त्यांची. आणि माझी."

पलीकडे त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर फळीतून ऐकू आलं असतं. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मी रिसीव्हर कानाला घट्ट दाबून तो ऐकत बसलो.

"तुम्ही नेहमीचं विचारलं नाहीत," ताई शेवटी म्हणाल्या.

"काय?"

"घरी काळजी घ्यायला कोण असतं ते. नियमात आहे."

"घरी कोण असतं?" मी विचारलं.

"ठिपकी," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढचं रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं. दीड वर्ष आधी कळलं असतं तर पथ्यावर आणि औषधांवर आणखी आठ-दहा वर्षं सहज निघाली असती. आता रक्त गाळणारं यंत्र टळणार नाही, फक्त थोडं लांबवता येईल. ते दोन वर्षं लांबलं. आमच्या कामाचा शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यातली सगळ्यात सुबक, सगळ्यात पटणारी चढती रेघ नि-तीनची होती. ताईंनी ती बघितली आणि खालचा एक आकडा दशांशात चुकलाय म्हणून दाखवून दिला. निरोगी कर्मचाऱ्यांनाही त्याच दिवशी कळवायचं, असा नियम आता झाला आहे.

पण त्या दुपारी फोन ठेवल्यावर नोंदवही भरायची राहिली होती. तारीख, वेळ, काय कळवलं, हे मी लिहिलं. शेवटचा रकाना होता, 'घरी काळजी घेणारी व्यक्ती'. तिथे मी 'कुणी नाही' असं लिहिलं. खरं तेच होतं. मग बराच वेळ पेन हातात धरून बसलो. पलीकडे ताईंनी शीतपेटीचं झाकण उघडलं, कुठलीतरी नळी जागेवर ठेवली, झाकण लावलं. मी त्या दोन शब्दांवर एक सरळ रेघ मारली, शेजारी सही केली, खाली तारीख टाकली, आणि वर माझं नाव आणि घरचा नंबर लिहिला. खालचं अजून वाचता येतं.